मुकी तार

तुकईथडला आजोळी होतो. वळवाच्या वादळात बांधावर विजेची तार तुटून पडली. ना ठिणगी, ना आवाज. मी पुढे निघालो, तसे आजोबा ओरडले, "थांब! मुकी तार जास्त वाईट."

का, ते पुढे इंजिनिअरिंगला कळलं. पडलेल्या तारेतला प्रवाह जमिनीतून उपकेंद्राकडे परततो. या परतीच्या वाटेचं गणित अमेरिकी अभियंता जॉन कार्सन यांनी १९२६ मध्ये मांडलं. मातीचा रोध १०० ओहम-मीटर असेल, तर ५० हर्ट्झचा प्रवाह जणू ९३० मीटर खोल पुरलेल्या तारेतून परततो. रोध दहापट झाला, की ही खोली जवळपास ३ किलोमीटर होते.

पण कोरड्या, खडकाळ रानात तारेचा जमिनीशी धड संपर्कच होत नाही. प्रवाह इतका कमी वाहतो, की उपकेंद्रातल्या यंत्रणेला तो कळतच नाही. लाइन चालूच राहते.

तेव्हा मुलांनो, गावी गेलात आणि तार पडलेली दिसली, तर लांबच थांबा, इतरांनाही थांबवा आणि १९१२ वर कळवा. चुकून जवळ पोचलात, तर पळू नका. दोन पावलांखालच्या जमिनीतही विजेचा दाब वेगळा असतो. पाय जुळवून, न उचलता, सरकत मागे या.