छावणींतले खेळ

युद्ध म्हटलें कीं तोफांचा गडगडाट, चढाया आणि माघारी यांचेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. वस्तुतः सैनिकाचा बहुतेक काळ लढण्यांत जात नाहीं. तो वाट पाहण्यांत जातो. हुकुमाची वाट, रसदेची वाट, घरच्या पत्राची वाट! या रिकाम्या वेळेचें भय जाणत्या सेनापतींना शत्रूइतकेंच वाटत आलें आहे. स्वस्थ बसलेला शिपाई घर आठवून झुरतो, शेजाऱ्याशीं भांडतो, पत्ते कुटतो. छावणींत खेळ शिरले ते या दारानें.

अमेरिकन सैनिकांचा खेळ बेसबॉल. त्याची ओळख नसलेल्या श्रोत्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, फेकलेला चेंडू दांड्यानें टोलवावयाचा, चौकोनाच्या कोपऱ्यांना शिवत धावावयाचें आणि बाद न होतां मूळ जागीं परतावयाचें. १८६१ ते १८६५ पर्यंत चाललेल्या तेथील यादवी युद्धापूर्वीं न्यूयॉर्कची रीत निराळी होती व मॅसॅच्युसेट्सची निराळी. छावण्यांत गांवोगांवचे तरुण एकत्र आले आणि एकत्र खेळावयाचें तर नियमही एकच हवेत, हें ओघानेंच आलें. उत्तर कॅरोलिनांतील सॉल्सबरीच्या बंदिछावणींत कैदी बेसबॉल खेळत असल्याचें चित्र ऑटो बटिशर या कैदी अधिकाऱ्यानें काढलें होतें. खेळाच्या प्रसाराचें सारें श्रेय युद्धाला देण्याची अमेरिकन लोकांना हौस आहे. पण तो युद्धाआधींच पसरूं लागला होता, हेंही खरें. पुढें ४ जुलै १९१८ रोजीं लंडनमध्यें खुद्द पांचव्या जॉर्ज बादशहांसमोर अमेरिकेच्या भूदलाचा व आरमाराचा सामना झाला आणि आरमारानें तो दोनास एक असा जिंकला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन पलटणींबरोबर हा खेळ आसाम-बंगालपर्यंत आला आणि पलटणींबरोबरच परत गेला.

सातारकडच्या शिपायाचे खेळ मात्र निराळे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत कामास आले. त्या गांवाच्या नांवापुढें 'मिलिटरी' हा शब्द आजही लावतात. अशा गांवांतून पलटणींत गेलेला गडी जे खेळ बरोबर नेई त्यांना दांडा लागत नसे कीं चेंडू लागत नसे. कुस्तीला लंगोट आणि मऊ माती पुरे. हुतूतूला जमिनीवर ओढलेली रेघ आणि छातींत भरलेला दम! सैन्यांत गेल्यावर त्याला हॉकी, फुटबॉल, रस्सीखेच आणि मुष्टियुद्ध यांची गांठ पडे. त्यांत मुष्टियुद्ध पैलवानाला प्रथम प्रथम मोठें जड जाई. तालमींत जन्मभर शिकावयाचें तें प्रतिस्पर्ध्याला जवळ ओढून पकड घेणें. येथें तर पकड घेतली कीं पंच दोघांना अलग करतो! अंतर राखून हात चालविण्याची ही विद्या अंगीं मुरण्यास वेळ लागतो.

ही विद्या ज्यांना साधली त्यांत मुरलीकांत पेटकर हे एक. वाळवें तालुक्यांतील पेठ या गांवीं १ नोव्हेंबर १९४४ रोजीं त्यांचा जन्म झाला. तेव्हां हा तालुका सातारा जिल्ह्यांत होता. १९४९ सालीं तो दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेला, आणि १९६० मध्यें त्याच जिल्ह्याला सांगली हें नांव मिळालें. लहानपणीं कुस्तीची गोडी लागलेले पेटकर अल्पवयांतच सैन्यांत गेले. तेथें यंत्रदुरुस्तीचें काम करणाऱ्या दलांत ते मुष्टियोद्धे म्हणून पुढें आले आणि १९६४ सालीं टोकियोच्या आंतरराष्ट्रीय सैनिकी स्पर्धेपर्यंत पोंचले. दुसऱ्याच वर्षीं पाकिस्तानशीं युद्ध जुंपलें. त्या युद्धांत त्यांच्या अंगांत अनेक गोळ्या शिरल्या. त्यांतील एक कण्यांत रुतली आणि कमरेखालचें अंग लुळें पडलें. वय अवघें वीस वर्षांचें!

कणा म्हणजे नुसती हाडांची माळ नव्हे. तिच्या पोकळींतून मज्जारज्जु जातो आणि मेंदूचे हुकूम त्याच्याच वाटेनें हातापायांना पोंचतात. ही वाट तुटली कीं खालचे अवयव जिवंत असूनही आज्ञेबाहेर जातात. पूर्वीं असे बहुतेक जखमी थोड्याच काळांत दगावत. पण त्यांचा प्राण जाई तो मूळच्या जखमेनें नव्हे, तर एकाच कुशीवर पडून झालेल्या व्रणांनीं आणि मूत्रमार्गाच्या दोषांनीं. नाझी राजवटींतून निसटून १९३९ सालीं इंग्लंडांत आलेले डॉक्टर लुडविग गुटमान यांनीं हें ओळखलें. स्टोक मँडविल येथील इस्पितळांत १९४४ पासून त्यांनीं जायबंदी शिपायांना दर दोन तासांनीं कुशीवर वळविण्याचा दंडक घातला, आणि प्रकृति सांवरतांच त्यांच्या हातीं खेळ दिला. प्रथम चाकांच्या खुर्च्यांवरून पोलो खेळून पाहिला. तो फारच दांडगा ठरला. धनुर्विद्या मात्र उत्तम जमली, कारण धनुष्य ओढण्यास खांदे आणि पाठ लागते व तींच या रोग्यांना बळकट करावयाचीं असतात. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशीं, त्यांनीं १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. त्यांत दोन स्त्रियाही होत्या. १९६० सालीं रोम येथें हीच परंपरा २३ देशांच्या ४०० खेळाडूंपर्यंत वाढली. आज तिला पॅरालिंपिक म्हणतात. छावणींतला खेळ इस्पितळांत आला तो असा, आणि येथें तो करमणूक राहिला नाहीं, उपचार झाला.

मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या इस्पितळांत पेटकर यांना पोहण्याचा व्यायाम देण्यांत आला. पाण्यांत देहाचा भार पाणीच उचलतें. जमिनीवर जे पाय ओझें होतात ते तेथें हलके होतात. तथापि पोहणें सोपें होत नाहीं. निकामी पाय खालीं लोंबतात, पाणी अडवितात, आणि त्यांना ओढून नेण्याचें सारें काम खांद्यांवर पडतें. मुष्टियोद्ध्याचे खांदे व तालमींत कमावलेला दम येथें कामास आला असल्यास नवल नाहीं.

१९६८ सालीं तेल अवीव येथें ते टेबल टेनिस खेळले. ऑगस्ट १९७२ मध्यें हायडेलबर्ग येथें त्यांनीं पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळविलें. पॅरालिंपिकमधील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक होय. स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक, १९५२ सालचें हेलसिंकीचें कांस्यपदक, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं आणलें होतें. म्हणजे दोन्ही मान जुन्या सातारा जिल्ह्याकडेच जातात. मात्र खाशाबांचें नांव निदान कुस्तीच्या आखाड्यांत तरी घरोघरचें होतें. हायडेलबर्गची वार्ता तितकी पसरली नाहीं. अभिनव बिंद्रा यांनीं २००८ सालीं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलें तेव्हां देशभर आनंद झाला. त्याच्या ३६ वर्षें आधीं एका जायबंदी शिपायानें पॅरालिंपिकचें सुवर्ण आणलें होतें, याची आठवण फार थोड्यांना होती.

पेटकर यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०१८ च्या जानेवारींत. हायडेलबर्गला तेव्हां पंचेचाळीस वर्षें लोटलीं होतीं.