मुक्त आणि फुकट : घरगुती संगणकाच्या लहान आज्ञावल्या

मलकापूरच्या बाजारांत कापूस घेणारा व्यापारी मूठभर कापूस हातांत घेऊन धागा ओढून पाहतो, ओल पारखतो, आणि मगच भाव बोलतो. परंतु सुशिक्षित गृहस्थ घरच्या संगणकापुढें बसला आणि पडद्यावर 'विनामूल्य' हा शब्द झळकला, कीं ही पारख विसरतो. गाणें ऐकण्यासाठीं घेतलेली एखादी आज्ञावली आपल्यामागें जाहिरातींची वरात घेऊन येते, आणि संगणक मंदावला म्हणजे दोष मात्र यंत्राला दिला जातो. म्हणून अशा आज्ञावल्यांची परीक्षा कशी करावी, हें पाहणें अगत्याचें आहे.

परीक्षेची पहिली खूण भाषेंतच सांपडते. इंग्रजींत 'फ्री' हा एकच शब्द दोन अर्थ वाहतो. मराठींत 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन वेगळे शब्द आहेत. फुकट आज्ञावलीस पैसा पडत नाहीं, परंतु तिच्या पोटांत काय आहे तें बहुधा कोणास पाहतां येत नाहीं. मुक्त आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांस खुली असते. ती वाचावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी. या विचाराची चळवळ अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं आरंभिली.

मुक्त आज्ञावल्यांपैकीं 'व्हीएलसी' ही पॅरिस येथील विद्यार्थ्यांच्या १९९६ सालच्या उपक्रमांतून निघाली आणि २००१ सालीं मुक्त झाली. लग्नाचें जुनें चित्रण असो कीं नाट्यसंगीत असो, बहुतेक सर्व प्रकारच्या फाइली ती जाहिरात न दाखवितां चालविते. तिची मांडणी रुक्ष आहे, एवढाच दोष. इगोर पावलोव्ह यांची १९९९ सालची 'सेव्हन-झिप' अनेक फाइली एका गाठोड्यांत आवळून बांधते. तिचें काम एवढेंच, आणि तें ती चोख करते.

करमणुकींत ज्ञान हवें असेल, तर 'स्टेलेरियम' पाहावी. ती पडद्यावर आकाश उभें करते. जुन्या संगणकावर ती अडखळते, हें खरें. परंतु तिची परीक्षा मुलांनाही घेतां येते. मलकापूर सुमारें २१ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून येथें ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारें २१ अंशच वर दिसला पाहिजे. हात लांब करून धरलेली मूठ सुमारें दहा अंश भरते. पडद्यावर गांवाचे अक्षांश-रेखांश भरावे, मग गच्चीवर जाऊन उत्तरेस दोन मुठी मोजाव्या. आज्ञावली खरी उतरते, आणि भूगोलाचा धडाही पक्का होतो.

मराठी लेखनाची अडचण निराळी. पूर्वी प्रत्येक टंकाचे संकेत वेगळे असत. एका संगणकावर लिहिलेलें पत्र दुसऱ्यावर उघडलें, तर निरर्थक चिन्हें दिसत. युनिकोडनें १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास ठराविक क्रमांक दिला, आणि ही अडचण दूर होऊं लागली. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळीनें केलेला युनिकोड टंक मुक्त परवान्याखालीं सर्वांस मिळतो. त्याचें नांवही 'मुक्त'च आहे.

सर्वांत सावध राहावें तें 'संगणक साफ करूं' म्हणणाऱ्यांपासून. २०१७ सालीं 'सीक्लीनर' या नामांकित आज्ञावलीच्या अधिकृत प्रतींतच चोरट्यांनीं घातक संहिता मिसळली, आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर गेली. म्हणजे नांवलौकिक पुरेसा नव्हे. घराला जितकीं दारें अधिक, तितकी राखण अधिक. जिची गरज नाहीं ती आज्ञावली चांगली असली तरी घेऊं नये. संगणकांत खरोखरच कीड शिरल्याची शंका असेल, तर भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'चीं साधनें विनामूल्य मिळतात.

नियम थोडेच आहेत. आज्ञावली कर्त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. बसवितांना प्रत्येक पान वाचावें, आणि आधींच केलेल्या नको त्या खुणा काढून टाकाव्या. कामापुरतें सोडून अधिक कांहीं मागणारीस निरोप द्यावा. आणि जी वर्षानुवर्षें निमूटपणें उपयोगी पडली, तिच्या कर्त्यांस यथाशक्ति देणगी पाठवावी, अथवा तिच्या मराठी भाषांतरास हातभार लावावा. फुकट मिळालेल्या वस्तूचें मोल कोणी तरी दिलेलेंच असतें. तें कोणीं दिलें हें ओळखणें, हीच खरी पारख होय.