टाळेबंदीतले ताट आणि रक्तातले लोह

एटापल्ली तालुक्यातील एका शिक्षक वाचकांनी विचारले आहे, "डॉक्टरसाहेब, २०२० सालच्या लॉकडाऊनमध्ये आमच्याकडचा आठवडी बाजार कित्येक आठवडे भरला नाही, तरी पोरे धडधाकट होती. आता सूरजागडच्या रस्त्याने सगळा बाजार दाराशी आला, तर तीच पोरे फिकी का दिसतात?" प्रश्न विचार करण्याजोगा आहे, म्हणून आजचा लेख त्याच विषयावर लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्या दिवसांत सर्व काही उत्तम होते, असे माझे मत नाही. हिवतापाचे रुग्ण दवाखान्यात उशिरा येत होते. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून काहींनी त्या परस्पर बंद करून टाकल्या होत्या. गाडी मिळेना म्हणून अडलेल्या बाया तालुक्याला पोहोचेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागे. तेव्हा टाळेबंदीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. परंतु ताटापुरते बोलायचे तर गुरुजींच्या निरीक्षणात तथ्य आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

टाळेबंदी लागू झाली २५ मार्च २०२० पासून. आपल्या जंगलात हा नेमका मोह गळण्याचा हंगाम. एरवीचा क्रम असा, की पहाटे उठून मोहफुले वेचायची, वाळवायची, व्यापाऱ्याला द्यायची आणि त्या पैशांत कांदे, बटाटे, तेल, बिस्किटांचे पुडे आणायचे. त्या वर्षी बाजार बंद राहिल्याने पुष्कळ घरांत फुले घरातच राहिली. तांदळाची फारशी चिंता नव्हती. एप्रिल २०२० पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळू लागले होते. अडचण होती ती भातासोबत काय शिजवावे याची, आणि ती घरोघरच्या म्हाताऱ्यांनी सोडवली. आश्रमशाळा बंद झाल्यामुळे पोरेही घरी आली होती. आजी जंगलात निघाली की टोपली घेऊन नात मागे. कित्येक वर्षांत असे घडले नव्हते.

त्या ताटात काय होते? वाळवलेली मोहफुले आणि भाजलेले चिंचोके एकत्र शिजवलेले. कोसरीची किंवा तांदळाची, रात्रभर ठेवून थोडी आंबलेली आंबील. आंबाडीच्या पाल्याची भाजी आणि तिच्यात तांदळाची कणी. पाऊस पडताच बांधावर उगवलेला तरोटा, कुड्याची फुले, वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. सुकी मासोळी. लाल मुंग्यांची चटणी, जिला पलीकडे बस्तरात चापडा म्हणतात. तेल नव्हते तिथे टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे तेल चालले. ज्यांना हे लिहिताना नाक मुरडावेसे वाटेल, त्यांनी पुढचा भाग जरूर वाचावा.

आपल्या रक्ताला लाल रंग देणारे जे द्रव्य आहे, त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. ते तयार होण्यासाठी लोह लागते. मांसाहारातले लोह आपले आतडे सहज उचलते. भाज्या, डाळी, धान्ये यांतले लोह मात्र हट्टी असते. ते पोटात गेले तरी त्यातला थोडाच भाग रक्तात पोहोचतो आणि उरलेले शौचावाटे निघून जाते. या हट्टी लोहाला आतड्यातून आत नेण्यास मदत करतात त्या दोन गोष्टी. एक म्हणजे आंबट पदार्थ, विशेषतः 'क' जीवनसत्त्व. दुसरी म्हणजे मांस किंवा मासळीचा एखादा तुकडा. तो थोडा असला तरी शेजारच्या भाजीतले लोहही जास्त शोषले जाते. याशिवाय धान्यात एक द्रव्य असते, जे लोहाला धरून ठेवते व सोडत नाही. धान्य आंबवले की ते बऱ्याच अंशी नाहीसे होते.

आता ते ताट पुन्हा आठवा. तरोट्यासोबत चिंच, भातासोबत आंबाडी, भाजीत सुकी मासोळी आणि सकाळी आंबलेली आंबील. आमच्या म्हाताऱ्यांनी वैद्यकाचे पुस्तक उघडलेले नव्हते, परंतु जेवण कसे जुळवावे हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. बाजारातून आलेल्या ताटात भात, बटाट्याचा रस्सा आणि वर तिखट. पोट तेवढेच भरते, पण रक्ताला फारसे काही मिळत नाही.

मोहफुलांबद्दल मात्र गैरसमज नको. वाळलेल्या फुलात मुख्यतः साखर असते, प्रथिने थोडीच. ती ताकद देतात, पण एकट्या मोहावर लेकरू वाढत नाही. सोबत डाळ, चिंचोके, मासळी, अंडे काही तरी हवेच. आणि तीच फुले गाळून प्यायली तर पोषण हा शब्दच सोडून द्यावा. राज्य शासनाने २०२१ साली मोहफुले गोळा करण्यावरचे व साठवण्यावरचे निर्बंध उठवले. निदान आता लाडू, पोळी यांसाठी वर्षभराची फुले घरात ठेवायला कोणी भिऊ नये.

याउलट लोह अडवणारी वस्तू म्हणजे चहा. आपल्याकडे दूध नसल्याने काळा चहा चालतो आणि तोही जेवणावर लगेच. चहातला तुरट अंश अन्नातले लोह बांधून टाकतो. चहा सोडा असे मी म्हणत नाही, कारण कोणी सोडणार नाही हे मला माहीत आहे. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा, एवढे पुरे.

सूरजागडचा डोंगर लोहखनिजाचा आणि त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त कमी, हा विरोधाभास आम्हा डॉक्टरांना रोज दिसतो. पण इथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. आपल्या भागात रक्त कमी असण्याचे कारण प्रत्येक वेळी लोहाची कमतरता नसते. गोंड, माडिया आणि इतर अनेक समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. अशा रुग्णाला तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या देत राहणे योग्य नाही. त्याला फॉलिक ॲसिड लागते, भरपूर पाणी लागते. उन्हात पाण्याविना राबला की हाडे ठणकू लागतात. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्ताचा थेंब देऊन प्राथमिक चाचणी होते. ती आयुष्यात एकदा सर्वांनी, आणि लग्न ठरवण्यापूर्वी तर अवश्य करावी.

ताटाची गोष्ट केवळ जीवनसत्त्वांची नसते. चंद्रपूर-गडचिरोलीतील हजारो माणसे दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. टाळेबंदीत ती तिकडे अडकली. पुष्कळशी जंगलातून, नदी ओलांडून पायी परतली. गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले होते. आलेल्यांना १४ दिवस शाळेत ठेवत, लोक त्याला 'कोरंटाईन' म्हणत. घरचा माणूस शंभर पावलांवर, पण भेट नाही. त्या दिवसांत शाळेच्या फाटकावर सकाळ-संध्याकाळ डबे ठेवलेले मी पाहिले आहेत. आई डबा ठेवून मागे सरायची, मुलगा येऊन उचलायचा, आणि मग दोघेही लांबूनच बोलायचे. एका माउलीला मी म्हटले, आत जेवण मिळतेच की. ती म्हणाली, "मिळते जी. पण माझ्या हातचं खाल्लं का नाही, ते मले कसं कळंल?" रिकामा डबा परत आला म्हणजे लेकरू बरे आहे, असा तिचा हिशेब. वैद्यकीय दृष्ट्याही तो बरोबर होता. आजाराची सुरुवात पुष्कळदा अन्नावरची वासना उडण्यानेच होते.

वृद्धांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे. एकटे पडलेले म्हातारे माणूस आधी भाजी करणे सोडते, मग एक वेळचे जेवण सोडते आणि मग चक्कर येते म्हणून आमच्याकडे येते. औषध देऊन ही चक्कर जात नाही. तेव्हा ज्यांची मुले नागपूर-पुण्याला होती, त्यांनी फोनवरून संसार सांभाळला. रेंज नसल्याने गावाबाहेरच्या टेकडीवर ठराविक वेळी चढायचे, हा कित्येकांचा नेम होता. नागपूरला खोलीवर अडकलेली एक विद्यार्थिनी आईला विचारून आंबाडी करायला शिकली. पाच मिनिटांच्या फोनमध्ये चार मिनिटे मीठ आणि फोडणीच. परगावी असलेल्या मुलामुलींना माझा आग्रह आहे, की फोनवर "तब्येत कशी आहे?" असे विचारू नका. उत्तर नेहमी "बरी आहे" असेच येते. "आज काय रांधलं? किती खाल्लं? कोणाबरोबर जेवलात?" असे विचारा. निम्मे निदान तिथेच होते.

परंतु घरच्या जेवणाचे एक दुखणे टाळेबंदीत उघडे पडले, त्यावर कोणी फारसे बोलत नाही. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना २०१५ सालापासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. अंगणवाडीत बसून जेवणारी बाई स्वतःचे ताट स्वतः खाते. टाळेबंदीत जेवणाऐवजी शिधा घरी आला आणि तो घरच्या भांड्यात पडला. मग आधी पुरुष, मग पोरे, मग सासू, आणि उरले ते सहा महिन्यांच्या गरोदर सुनेला. घरात चवदार चापडा आणि मासोळी असूनही तिच्या वाट्याला भात आणि पेज. परंपरेने सगळेच शहाणपण दिलेले नाही. शेवटी जेवण्याची पद्धतही तिनेच दिली आहे. ज्या घरांनी त्या दिवसांत सर्वांनी एकत्र बसून खाण्याची सवय लावून घेतली, त्या घरांनी ती मोडू नये. ते जमत नसेल तर गरोदर बाईचे ताट आधी वाढून बाजूला ठेवावे.

रानातल्या अन्नाबाबत आणखी काही इशारे. सात्या, म्हणजे वारुळावर येणारी अळिंबी, उत्तम अन्न आहे. पण ओळख नसलेल्या माणसाने अळिंबी तोडूच नये. काही विषारी जातींत उलट्या-जुलाब सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात, मध्ये बरे वाटते आणि तोवर यकृत निकामी होत जाते. चांदीचे नाणे काळे पडते का हे पाहण्याची परीक्षा खोटी आहे. लाखोळीची डाळ धानाच्या बांधीत पिकते व स्वस्त पडते. कधीमधी, इतर डाळींच्या जोडीने खावी. महिनोन् महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्याने दोष कमी होतो, पूर्ण जात नाही.

लाल मुंग्यांच्या चटणीने कोरोना बरा होतो, अशी हवा तेव्हा उठली होती. ओडिशातून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. त्याच ओडिशातील सिमलीपालच्या चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात. ती चटणी प्रथिनयुक्त, रुचकर अन्न आहे, औषध नव्हे.

आता गुरुजींच्या प्रश्नाचा उरलेला भाग. २०२१ नंतर सूरजागडच्या खाणीचे काम वाढले, रस्त्यावर मालमोटारींची रांग लागली, तरुणांच्या हातात महिन्याचा पगार आला. पैसा येणे वाईट नाही. त्यातूनच अंडी, डाळ, तेल घरात येऊ शकते. प्रत्यक्षात येतात ते कुरकुरीत पुडे, शेवया आणि रंगीत पेये, कारण ती टपरीवर टांगलेली असतात आणि रांधावी लागत नाहीत. पुड्याने पोराची भूक मरते. मग तरोटा कोण खाणार? शिवाय त्यातल्या मिठाचा परिणाम मोठ्यांवर होतो. पस्तिशीतल्या माणसांचा वाढलेला रक्तदाब माझ्याकडे आता नित्याचा झाला आहे. खर्ऱ्याबद्दल स्वतंत्र लिहीन. इथे एवढेच, की खर्ऱ्याने तोंड सोलवटलेल्या माणसाला आंबट-तिखट सोसत नाही, आणि आपण वर पाहिलेले निम्मे ताट आंबट आहे.

दुसरे असे, की आश्रमशाळा पुन्हा भरल्या आणि पोरे वर्षातले बहुतेक महिने घरापासून दूर गेली. शिक्षण हवेच, त्यात वाद नाही. पण २०२० च्या पावसाळ्यानंतर त्यांनी नव्या धानाचा पंडुम घरी पाहिला होता. नवे फळ, नवे धान्य पूजेआधी तोंडात घालायचे नाही हा नियम, आणि तोवर काय खायचे हे आजीचे ज्ञान, दोन्ही त्यांना तेव्हा मिळाले. मुख्याध्यापकांनी ठरवले तर आश्रमशाळेच्या जेवणात आठवड्यातून दोनदा आंबाडी किंवा तरोटा आणि चिंचेचे सार सहज येऊ शकते. गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला बोलावून भाज्यांची ओळख करून देता येईल.

मुलाच्या खालच्या पापणीची आतली बाजू खाली ओढून पाहा. ती गुलाबी असावी. पांढुरकी दिसली, मूल माती खात असले किंवा थोडे धावताच धापा टाकत असले, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या, सिकलसेलची चाचणी झाली नसेल तर तीही करा आणि जंताची गोळी विचारा. लोहाचे औषध सांगितले तर ते चहाबरोबर देऊ नका. लिंबूपाण्याबरोबर द्या. त्याने शौचाला काळे होते, त्याला घाबरून औषध थांबवू नये.