ससून, शब्बाथ आणि डॉक्टर : काही गैरसमज

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून जुना मुंबई-पुणे रस्ता धरला की आकुर्डी, चिंचवड, पिंपरी मागे टाकत पुण्यात शिरता येतं. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयातून पुढे पाठवलेल्या पेशंटला याच रस्त्याने पुण्याच्या ससून रुग्णालयात नेतात. ससून कोण, असं विचारलं तर बहुतेक जण ‘कुणी इंग्रज अधिकारी असेल’ म्हणतात. डेव्हिड ससून हे बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. त्यांच्या मोठ्या देणगीतून हे रुग्णालय उभं राहिलं आणि १८६७ मध्ये सुरू झालं. ससून त्याआधीच, १८६४ मध्ये पुण्यात वारले. कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात त्यांची कबर आहे. ससूनांच्या नावासारखेच त्यांच्या धर्माबद्दलही, आजारपण आणि डॉक्टर यांच्या बाबतीत, काही गैरसमज आहेत.

गैरसमज : धर्मनिष्ठ ज्यू माणूस आजार बरा करणं देवावर सोपवतो, डॉक्टरांवर नाही.

बरं करणारा देव, हे ज्यू धर्म मानतोच. पण दुसऱ्याला जखमी करणाऱ्याने त्याच्या उपचारांचा खर्च द्यावा, असं तोरा हा धर्मग्रंथ सांगतो. यावरूनच वैद्याला उपचार करण्याची परवानगी आहे, असा अर्थ तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या पंडितांनी काढला. पुढे सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरूख’ या आचारसंहितेने उपचार करणं हे कर्तव्यच ठरवलं, आणि येत असूनही उपचार न करणं रक्तपाताइतकं गंभीर मानलं. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, आजारपणात एलियाहू हन्नबी या प्रेषिताला नवस बोलतात, बरं वाटल्यावर मलिद्याचा विधी करतात. तो नवस डॉक्टरच्या जागी नसतो.

गैरसमज : शनिवारी ज्यू लोक दवाखान्यातही जात नाहीत.

शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यामुळे हा समज होणं स्वाभाविक आहे. पण जीव धोक्यात असेल तर शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, नियम बाजूला ठेवायचे, ही केवळ सवलत नाही, आज्ञा आहे. गाडी काढायची, फोन करायचा, शस्त्रक्रियाही करायची. योम किप्पूरच्या, म्हणजे बेने इस्रायलांच्या दारफाळणीच्या सणाच्या कडक उपासालाही हेच लागू. ज्याच्या जिवाला उपासाने धोका आहे, त्याने खायलाच हवं. डॉक्टर नको म्हणाले, पण पेशंटला स्वतःला खाण्याची गरज वाटली, तर पेशंटचं ऐकावं, इथपर्यंत तालमूद जातो. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

गैरसमज : आजार होऊ नये म्हणून काही करणं धर्माच्या कक्षेत येत नाही.

घराच्या गच्चीला कठडा बांधा, ही तोरातली आज्ञा आहे. बाराव्या शतकातले धर्मपंडित आणि इजिप्तच्या दरबारातले वैद्य मायमोनिडीस यांनी ती जिवाला अपाय करणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लावली. पोट भरण्याआधी थांबा, व्यायाम करा, हेही त्यांनी धर्मनियमांच्या ग्रंथातच लिहिलं. चाकणच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनवरचा सुरक्षेचा गार्ड याच विचारात बसतो, असं मी म्हणेन.

लसीबाबतही हेच. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था १९२५ पासून त्यांचं नाव लावते. उतारवयात त्यांनी पारंपरिक ज्यू आचाराची जाहीर बाजू घेतली. लस आणि श्रद्धा यांत त्यांना विरोध दिसला नाही.

डॉ. जेरुशा झिराड तर आपल्यातल्याच, बेने इस्रायल. १९२८ ते १९४७ त्यांनी मुंबईचं कामा रुग्णालय सांभाळलं, बाळंतपणात स्त्रिया का मरतात याचा शहरात शोध घेतला. मुंबईत ज्यू रिलिजस युनियन ही धार्मिक संघटना उभारण्यातही त्या पुढे होत्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

उपासापेक्षा जीव मोठा, हा विचार आपल्यालाही लागू पडतो. आपल्या घरात नवरात्राच्या, श्रावणाच्या किंवा रमजानच्या उपासासाठी कुणी मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद करत असेल, तर उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा.