पांढऱ्या कांद्याची फ्रिटाटा

फेब्रुवारी उलटला की अलिबाग-रेवदंडा रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या खाचरांत, अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळे गावांकडे लावलेला हा कांदा वाळल्या पातीच्याच वेण्या घालून विकायला येतो. तिखटपणा कमी, गोडी भरपूर. भाकरीबरोबर तो बुक्कीने फोडून खातात आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. माझं मत विचाराल तर तो सगळ्यात खुलतो फ्रिटाटामध्ये.

फ्रिटाटा म्हणजे इटलीतल्या घरोघरची जाड अंडापोळी. पेल्लेग्रिनो आर्तुझी यांचं १८९१ सालचं पाकपुस्तक तिथे आजही प्रमाण मानतात. कांद्याच्या फ्रिटाटासाठी ते मोठे पांढरे कांदे घ्यायला सांगतात आणि चिरून तासभर थंड पाण्यात ठेवायला लावतात. उग्रपणा जावा म्हणून ही खटपट. अलिबागच्या कांद्याला तिची गरजच नाही, आणि त्यामुळेच हा पदार्थ इथे अर्ध्या तासात न्याहारीला तयार होतो.

नागावच्या एका वाडीत, घरगुती खानावळ चालवणाऱ्या काकूंच्या ओट्यावर आम्ही फ्रिटाटा केली. सहा अंडी, चार मध्यम कांदे, बिडाचा खोलगट तवा. हाच तवा एरवी घावनांचा. कांदा उभा पातळ चिरून तेल-मिठावर मंद आचेवर टाकला. काकू म्हणाल्या, "अहो, गॅस मोठा करा की, लवकर होईल." पण ही वेळ कांद्याची आहे, अंड्याची नाही. आधी पाणी सुटतं आणि चुरचुर मोठी ऐकू येते. मग आवाज बसतो, पाकळ्या काचेसारख्या आरपार होतात, तव्यावरचा ढीग निम्म्यावर येतो. कडा फिकट सोनेरी झाल्या, तपकिरी नाही, की उतरवायचा. आपल्या ऑम्लेटमध्ये कांदा कच्चा पडतो आणि दाताखाली येतो. इथे तो अंड्यात मुरतो.

अंडी काट्याने मोडायची. पांढरं-पिवळं एक झालं की हात थांबवायचा, फेस काढायचा नाही. आर्तुझींचंही हेच सांगणं आहे. मीठ, मिरपूड, बस. हळद-मसाला नको, कांद्याची गोडी त्याखाली मरते. निवलेला कांदा अंड्यांत मिसळून सगळं परत तापल्या तव्यात ओतलं. कड धरली की उलथन्याने ती आत ओढायची, वरचं ओलं मिश्रण त्या जागी उतरू द्यायचं. मग झाकण आणि अगदी बारीक आच.

वरून नुसती ओल उरली की उलटवायची. तव्यावर सपाट ताटली उपडी ठेवून एका झटक्यात दोन्ही पालटायचं आणि फ्रिटाटा सरकवून परत तव्यात सोडायची. बीड जड असतं. काकूंनी फडक्याने दांडा धरला, ताटली मी दाबली. बीड उष्णता धरून ठेवतं, म्हणून गॅस तिथेच बंद केला. दुसरी बाजू उरलेल्या तापावर होते. गॅस चालू राहिला तर अंडं रबरासारखं होतं.

कापल्यावर पिवळ्यात कांद्याचे पांढरे पदर दिसले. काकूंनी पहिला तुकडा बेकरीच्या पावात घालून खाल्ला आणि विचारलं, "गार झाली तर चालेल ना?" चालेल. इटलीतही ती गार खातात, डब्यात नेतात. काकूंनी उरलेली चौकोनी कापून दुपारच्या पाहुण्यांसाठी झाकून ठेवली.