ओसरी दिली, घर नव्हे

मंडळी, दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या आणि मग चहा, ही आपली रीत. पाहुण्याला 'आता जा' म्हणणे आपल्या जिभेवर येत नाही. पण 'नोकरी लागेपर्यंत चार दिवस राहतो' म्हणून आलेला भाचा, मेहुणा किंवा गाववाला दोन वर्षे झाली तरी हलत नसेल, उलट 'मला कोण काढतो ते बघू' म्हणू लागला असेल, तर काय करायचे? रडायचे नाही आणि मारामारीही करायची नाही. कायद्याची वाट आहे, ती नीट समजून घेऊ.

नवी मुंबईच्या गावठाणांत हा प्रश्न फार नाजूक आहे. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागातील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तरी घणसोली, करावे, तुर्भे अशा गावांतल्या अनेक कुटुंबांकडे शेत उरले नाही. उरले ते गावठाणातले घर आणि त्यावर चढवलेल्या दोन खोल्या. त्यांतली एक खोली अडली म्हणजे शेताचा तुकडा पडीक पडल्यासारखेच. मुलाचे लग्न ठरले की तीच खोली डोळ्यांसमोर येते.

आता पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुमच्या परवानगीने, भाडे न देता राहणाऱ्याला कायदा 'परवानाधारक' मानतो. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे मालक ही परवानगी काढून घेऊ शकतो. मात्र निघण्यास आणि सामान हलवण्यास वाजवी मुदत द्यावी लागते. तुमच्या परवानगीने त्या जागेवर त्याने स्वतःच्या खर्चाने कायमचे बांधकाम केले असेल, तर मामला अवघड होतो. म्हणून पाहुण्याला 'तू वरची खोली बांधून घे' असे कधी म्हणू नका.

'बारा वर्षे राहिला की घर त्याचे' असे लोक पारावर बोलतात. ते खरे नाही. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा नुसती वर्षे मोजून मालकीचा होत नाही. गोव्यातील एका बहीण-भावाचा असाच दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घर बहिणीचे, भाऊ त्यात राहिलेला. मार्च 2012 मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की नातेवाईक, मित्र किंवा राखणदार म्हणून फुकट राहू दिलेल्या माणसाला कितीही वर्षे राहिला तरी त्या घरात हक्क मिळत नाही.

गावठाणातल्या कित्येक घरांचे कागद अपुरे असतात. घरपट्टीची पावती आहे, पण बाकी काही नाही, अशी स्थिती. पाहुणा त्यावरच बोट ठेवतो. पण पुराव्याचा कायदा सांगतो, की जो तुमच्या परवानगीने आत आला, त्याला 'तुमचा हक्कच नव्हता' असे म्हणता येत नाही. तरीही घरपट्टी, वीजबिल, पाणीपट्टी यांच्या पावत्या जपून ठेवा आणि वीजमीटर पाहुण्याच्या नावावर होऊ देऊ नका.

आता सगळ्यात मोठी गफलत होते ती पैशात. 'वीजबिलाला राहू दे' म्हणून पाहुणा महिन्याला काही देऊ लागतो, आपण घेतो आणि वर्षभराने तो 'मी भाडेकरू' म्हणतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याप्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची. करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणून दोनच मार्ग ठेवा: एकतर काहीही घेऊ नका, नाहीतर सरळ करार नोंदवा. नोंदवलेल्या कराराची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट शुल्काने भरपाई मागता येते.

पाहुणा निघतच नाही असे दिसले की क्रमाने पुढे जा.

आधी घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर बोला आणि तारीख ठरवा. ठरलेले एका कागदावर लिहून त्याची सही घ्या: 'मी या घरात मालकांच्या परवानगीने, भाडे न देता राहत आहे आणि अमुक तारखेला खोली सोडीन.' हा कागद पहिल्याच दिवशी केला असता तर उत्तम, पण उशिरा केलेलाही उपयोगी पडतो.

तारीख उलटली की वकिलामार्फत नोटीस द्या. परवानगी काढून घेतल्याचे त्यात साफ लिहा आणि पंधरा दिवस ते महिनाभर मुदत द्या. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, म्हणून नोटीस आता पोहोच-पावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. पावती ट्रंकेत जपा.

तरीही तो निघाला नाही, तर दिवाणी न्यायालयात दावा लावा. घर ठाणे जिल्ह्यात की रायगड जिल्ह्यात, यावर न्यायालय ठरते. पनवेल आणि उरण रायगडात येतात. नोटिशीनंतर उगाच थांबू नका. परवानगी संपताच तत्परतेने आलेल्या मालकाला आज्ञापक मनाई हुकूम मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली सांगितले आहे. नोटिशीनंतरच्या वापराची भरपाईही मागा. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना उत्पन्न न पाहता तेथे मोफत मदत मिळते. 15100 या क्रमांकावरही चौकशी करता येते.

काय करू नये, तेही ऐका. त्याची वळकटी रस्त्यावर फेकू नका, कुलूप बदलू नका, वीज-पाणी तोडू नका. बळजबरीने बाहेर काढलेला माणूस, ताबा आपला होता असे म्हणत, सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्यासाठी दावा लावू शकतो. त्या दाव्यात मालक कोण, हे पाहिले जात नाही. म्हणजे खोली तुमची आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही तुम्हीच, अशी गत व्हायची. पाहुणा शिवीगाळ, दमदाटी किंवा मारहाण करत असेल तर मात्र 112 वर पोलिसांना बोलवा आणि तक्रार लेखी द्या. नुसता ताब्याचा वाद मात्र पोलीस 'दिवाणी बाब' म्हणून न्यायालयाकडेच धाडतात.

आणखी एक. घरातला प्रत्येक नकोसा माणूस पाहुणा नसतो. सून किंवा पत्नी पाहुणी नव्हे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घराचे संरक्षण आहे. वडिलोपार्जित घरात बहिणीचाही वाटा असतो, तेव्हा तिला पाहुणी समजू नका. साठी ओलांडलेल्या आईवडिलांना स्वतःच्या घरात मुलेच छळत असतील, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मदतीसाठी 14567 हा क्रमांक आहे.

आणि घाटावरच्या वाचकांनो, तुमचा मुलगा वाशी-तुर्भ्याच्या बाजारात किंवा कंपनीत कामाला लागून कुणा नातेवाइकाकडे उतरला असेल, तर त्यालाही हा अंक वाचून दाखवा. किती दिवस राहणार हे त्याने पहिल्या दिवशीच सांगावे. ज्या मावशीने भाकरी घातली, तिला वकिलाचा दरवाजा ठोठवायला लावू नये.

ओसरी देणे हा आपला धर्म आहे, तो सोडू नका. फक्त ओसरी देताना तारीख ठरवा आणि ती कागदावर उतरवा. कागद केला म्हणून नाते तुटत नाही. कागद नसल्यामुळेच पुढे भाऊ भावाविरुद्ध कोर्टाची पायरी चढतो.