पोटॅशियम : गुणधर्म, आढळ व उपयोग
(कपिलधार परिसरातील जमिनीच्या संदर्भात)

प्रस्तावना

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या डोंगररांगेत कपिलधार हे मन्मथस्वामींचे समाधिस्थान आहे. वीरशैव परंपरेतील अष्टावरणांत विभूतीची गणना होत असल्याने येथे येणाऱ्या भाविकास राखेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. रसायनशास्त्रातही एका मूलद्रव्याची ओळख राखेतूनच झाली. लाकडाची राख पाण्यात मिसळून ते पाणी भांड्यात आटविल्यावर उरणाऱ्या क्षारास ‘पॉटॅश’, म्हणजे भांड्यातील राख, म्हणत. त्यावरून पोटॅशियम हे नाव रूढ झाले. ‘के’ ही त्याची संज्ञा ‘कॅलियम’ या नावावरून आली असून तिचे मूळ ‘अल्-कली’ या अरबी शब्दात आहे. आयुर्वेदातील यवक्षारही जवाच्या राखेपासूनच तयार करीत. प्रस्तुत लेखात या मूलद्रव्याचा परिचय करून देऊन, ‘काळ्या जमिनीत पालाश मुबलक असते’ हा समज कितपत ग्राह्य आहे याचे विवेचन केले आहे.

गुणधर्म

सर हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये दाहक पोटॅशचे विद्युत् अपघटन करून हा धातू प्रथम वेगळा केला. त्याचा अणुक्रमांक १९, अणुभार ३९.१ व इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, ८, १ असे आहे. बाह्यतम कक्षेतील एकमेव इलेक्ट्रॉन सहज दिला जात असल्याने तो अत्यंत क्रियाशील असून निसर्गात मुक्त स्थितीत आढळत नाही. रुपेरी रंगाचा हा धातू चाकूने कापता येईल इतका मऊ आहे. त्याची घनता ०.८६ ग्रॅम प्रति घनसेंमी. असल्याने तो पाण्यावर तरंगतो. त्याच वेळी पाण्याशी तीव्र विक्रिया होऊन हायड्रोजन मुक्त होतो व पेट घेतो. म्हणून तो रॉकेलमध्ये किंवा खनिज तेलात ठेवतात. त्याचा द्रवणांक सुमारे ६३.५° से. आहे. त्याची संयुगे ज्योतीस फिकट जांभळा रंग देतात.

नैसर्गिक पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी समस्थानिक सुमारे ०.०१२ टक्के असतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. त्याच्या ऱ्हासातून काही अंशी अरगॉन तयार होतो व खडकात साठतो. या तत्त्वावर आधारलेल्या पद्धतींनी दख्खनच्या बेसाल्टचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे ठरले आहे.

आढळ

भूकवचात पोटॅशियमचे प्रमाण वजनाने दोन टक्क्यांहून थोडे अधिक आहे. ऑर्थोक्लेज फेल्स्पार व अभ्रक ही त्याची प्रमुख सिलिकेट खनिजे, तर सिल्वाइट व कार्नालाइट ही विद्राव्य खनिजे होत. जर्मनीतील स्टासफुर्ट येथे १८६१ मध्ये पोटॅश उद्योगाचा आरंभ झाला. भारत म्युरेट ऑफ पोटॅशच्या गरजेसाठी आयातीवर अवलंबून आहे.

उपयोग

जगात उत्पादित होणाऱ्या पोटॅशपैकी बहुतांश खतासाठी वापरले जाते. वनस्पतीत ते पर्णरंध्रांची उघडझाप, शर्करेचे वहन व विकरांचे सक्रियन यांसाठी आवश्यक असते. कमतरता भासल्यास जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. सोरा (पोटॅशियम नायट्रेट) बंदुकीच्या दारूत, दाहक पोटॅश मऊ साबणात आणि पोटॅशियम परमँगनेट निर्जंतुकीकरणासाठी वापरतात. पाणी निवळण्यासाठी फिरविली जाणारी तुरटी हेही पोटॅशियम व ॲल्युमिनियमचे द्विलवण आहे. मानवी शरीरात पेशींच्या आतील प्रमुख धन आयन पोटॅशियमचाच असून चेतावहन व हृदयाचे आकुंचन त्याच्या समतोलावर अवलंबून असते.

काळी जमीन व पालाश

दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम ऑक्साइडचे प्रमाण सामान्यतः एक टक्क्याहून कमी असते. तरीही त्यापासून बनलेल्या खोल काळ्या जमिनीच्या माती परीक्षणात उपलब्ध पोटॅशियम बहुधा ‘भरपूर’ या वर्गात, म्हणजे हेक्टरी २८० किलोपेक्षा अधिक, आढळते. या विसंगतीचे उत्तर मातीच्या घडणीत आहे. स्मेक्टाइट या फुगणाऱ्या चिकणखनिजाच्या पृष्ठभागावर पोटॅशियमचे आयन मोठ्या संख्येने धरून ठेवले जातात. अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणाने हेच आयन सुटतात आणि ज्वालाप्रकाशमापक त्यांचीच नोंद करतो. त्यामागचा खनिजरूप साठा किती आहे व तो किती वेगाने सुटतो, हे या परीक्षणातून कळत नाही. बालाघाटच्या उतारावरील उथळ, मुरमाड जमिनीत चिकणमाती कमी असल्याने ही धारणशक्तीही कमी असते. सारांश, आजची ‘भरपूर’ ही नोंद म्हणजे उद्याची हमी नव्हे.

अहवाल वाचताना एकक तपासणेही अगत्याचे आहे. खताच्या पोत्यावरील ‘पालाश’ म्हणजे पोटॅशियम ऑक्साइड होय. ६० टक्के पालाश असलेल्या ५० किलोच्या पोत्यात ३० किलो पालाश, परंतु मूलद्रव्यरूपात सुमारे २५ किलोच पोटॅशियम असते.

तृणधान्याने शोषलेल्या पोटॅशियमपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग धान्यात न जाता कडब्यात वा काडात राहतो. ते पेशीरसात आयनरूपाने असल्याने अवशेष जमिनीवर पडून भिजताच मातीत उतरते. कडबा, पऱ्हाट्या व उसाचे पाचट शेताबाहेर गेले आणि खत मात्र नत्र-स्फुरदाचेच दिले, तर साठा दरवर्षी घटत जातो. अवशेष जाळल्यास पोटॅशियम मुख्यतः राखेत उरते. परंतु ती राख वाऱ्याने उडते वा पाण्याने वाहून जाते. चुलीतील राख उकिरड्यावर टाकून खताबरोबर शेतात नेण्याच्या जुन्या रीतीला म्हणूनच रासायनिक आधार आहे. साखर कारखान्यांच्या आसवनीतील मळीच्या सांडपाण्याची राख हाही देशी स्रोत असून, किमान १४.५ टक्के पालाश असलेल्या अशा खताचा २०२१ मध्ये केंद्राच्या पोषणमूल्याधारित अनुदान योजनेत समावेश झाला.

समारोप

काळ्या जमिनीतील पालाश ही ठेव आहे. तिच्यातून घेतलेले परत केले तरच ती टिकेल. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व भूगोल विभागांनी उतारावरील आणि सपाटीवरील मातीचे नमुने दरवर्षी त्याच शेतांतून तपासून नोंदी ठेवल्यास, ही ठेव कोणत्या गतीने घटते याचे उत्तर विद्यार्थ्यांच्याच हातून मिळू शकेल.